नवसाबाईचे बारा रविवार

मखमलाबादच्या मळ्यांत नवसाबाईला स्वस्थ बसलेली पाहिली असं सांगणारे तेव्हा दोनच जण होते, आणि दोघेही थापाडे म्हणून प्रसिद्ध होते. चौऱ्याऐंशी साली ती लग्न होऊन या मळ्यात आली. त्यानंतरची वीस वर्षं ती एक तर उभी होती, नाहीतर वाकलेली, नाहीतर पळत. गुलाबाच्या जुड्या बांधतानासुद्धा उकिडवी, म्हणजे निम्मी उभीच.

तिच्या जुड्यांची गोष्ट वेगळी. बाई डावखुरी. त्यामुळे सुतळीचा वेढा उलटा जायचा आणि गाठ डाव्या अंगाला बसायची. फूलबाजारात ढिगात हात घालून, डोळे न उघडता व्यापारी सांगत, "ही नवसाबाईची." हे ऐकायला तिला इतकं आवडायचं की माल संपला तरी ती पाच मिनिटं तिथं उगाच घुटमळायची.

नवरा लहानू. त्याची एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीची नोकरी. पाळी संपली की घरी येऊन झोपायचा, उठला की पाळीवर जायचा. "मधल्या वेळात ह्याला दोन मुली आन् एक मुलगा झाला कधी, तेच कळत नाय," असं शेजारचा देवराम तात्या चारचौघांत सांगायचा. लहानूही हसायचा. घरात काही विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: "तू बघ."

आणि ती बघायची. सगळंच बघायची. मुली शहाण्या निघाल्या, आईच्या हातून निसटून स्वतःची कामं स्वतः करायला शिकल्या. तिसरा कुंदन मात्र सापडला. त्याच्या बुटाच्या नाड्या तो सातवीत जाईपर्यंत आईनं बांधल्या, त्याही उलट्या, त्यामुळे शाळेत त्या कुणालाच सोडवता येत नसत. कार्यानुभवाच्या तासाला त्यानं नेलेल्या पुठ्ठ्याच्या किल्ल्याला बक्षीस मिळालं, तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं, "बुरूज कसे केलेस रे?" तर हा म्हणाला, "घरी विचारून सांगतो." चौथीत एकदा गुरुजींनी त्याला वीस उठाबशांची शिक्षा केली. नवसाबाई डबा घेऊन आली होती. "त्याचा गुडघा दुखतो," असं म्हणून तिनं पदर खोचला आणि भर वर्गात उठाबशा काढल्या. बावीस. दोन वरती, पुढच्या वेळेच्या. गुरुजी नंतर बदली मागून कळवणला गेले. कारण हेच असं कुणी म्हणत नाही, पण दुसरं कारणही कुणाला सापडलेलं नाही.

तर असं लाडानं वाढलेलं हे पोरगं पंधरा वर्षांचं झालं आणि २००३चा दसरा आला.

सिंहस्थ नुकताच सरला होता. सगळं नाशिक दमून बसलं होतं. मळेकऱ्यांना मात्र दम खायला वेळ नव्हता, कारण झेंडूचं वर्षाचं सोनं त्या दोन दिवसांत होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी देवराम तात्याचा गडी झिपरू यानं तात्याच्या एम-एटीवर दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाट्या आवळून बांधल्या. झिपरू पेठ तालुक्याकडचा. भाताची लावणी उरकली की बायकोला घेऊन मळ्यावर यायचा आणि उन्हाळ्यापर्यंत राहायचा. उंचीनं कमी, बोलायला त्याहून कमी. पाट्या बांधून तो विहिरीवर गेला, तात्या चहा प्यायला घरात गेला, आणि किल्ली गाडीलाच राहिली.

कुंदनला फक्त एक फेरी मारायची होती. भरल्या पाट्यांची गाडी आपल्याला चालवता येते हे शाळेच्या मैदानावरच्या पोरांना दाखवायचं आणि गाडी जागेवर आणून लावायची, एवढाच बेत. कालव्याच्या वळणावर पाट्यांचं वजन एका अंगाला गेलं. पोरानं उडी मारली. गाडीनंही मारली, पण पाण्यात.

कालव्याला पाणी सुटलेलं होतं. अर्ध्या तासात कालवा पिवळा झाला. खालच्या मळ्यांतल्या बायका धुणं टाकून बघत उभ्या राहिल्या. एकीनं तर हात जोडले. पाच-पंचवीस तोरणांचा ऐवज तिच्या डोळ्यांसमोरून वाहत गेला आणि मागून तात्या शिव्या देत, बांधाबांधानं, अनवाणी पळत गेला.

कुंदन घरी आला, विजार बदलून कॉटवर पालथा पडला. नवसाबाईनं ओली विजार उचलली. खिशात हात घातला. पिवळ्या पाकळ्या निघाल्या. तिनं त्या चुलीत टाकल्या, विजार धुतली, पिळली आणि वाळत घातली. पोराला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

तात्यानं चौकीत तक्रार दिली. किल्ली कुठं असते, पाट्या कधी भरल्या, हे कुणाला ठाऊक होतं? झिपरूला. मग झिपरूला नेलं आणि दीड दिवस चौकीत बसवून ठेवलं. दसऱ्याचा अख्खा दिवस त्यात गेला. तिसऱ्या दिवशी कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी आपल्या गावाहून परत आला. त्यानं पोराला उडी मारताना पाहिलं होतं. "तोंडापरमाणं उडी बी आईवरच गेलीय," असंही तो म्हणाला म्हणतात.

मग कुंदनचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. त्याची चौकशी करायला परिविक्षा अधिकारी म्हणून प्रतिभा मॅडम घरी आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला झोळी, आणि स्कूटी अशी की ती लावायला दोन माणसं लागत.

"तुझं नाव काय?" मॅडमनी कुंदनकडं बघून विचारलं.

"कुंदन लहानू," नवसाबाई म्हणाली.

"कितवीत आहेस?"

"धावीत. गणितात जरा कच्चा हाय, बाकी हुशार."

"गाडी का घेतलीस?"

"संगतीचा गुण, मॅडम. पोरगं लय साधं."

"आता वाईट वाटतंय का तुला?"

"तर हो! तीन दिस जेवला नाय." हे कुंदनलाही नवीन होतं. त्याच्या मांडीवर त्या वेळी पोह्यांची ताटली होती.

मॅडमनी वही मिटली. "नवसाबाई, तुमची चौकशी पूर्ण झाली. आता मुलाची करू का?"

मॅडमनी जो मार्ग काढला, तो मळ्यात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. मंडळाच्या परवानगीनं त्यांनी सगळ्यांना देवराम तात्याच्या ओट्यावर एकत्र बसवलं. ज्यानं केलं तो, ज्याचं नुकसान झालं तो, आणि ज्याला फुकट भोगावं लागलं तो. गाडीची दुरुस्ती लहानूनं आधीच करून दिली होती. मॅडम म्हणाल्या, ते लहानूनं केलं. कुंदननं काय केलं? ठरलं ते असं: कुंदननं बारा रविवार तात्याच्या गुलाबाच्या वावरात राबायचं, आणि ते झिपरूच्या हाताखाली. काम नीट झालं की झिपरूनं त्या रविवारपुढं कागदावर सही करायची. फेब्रुवारीत तो कागद मंडळापुढं जाईल. कागद बरा दिसला तर पोरगं घरी, नाहीतर पोराला काही महिने रिमांड होमात ठेवायचं की नाही याचा विचार होईल.

ओट्यावर नवसाबाईनं "चुकलं म्हणतो तो, माफी मागतो" असं दोनदा सांगून टाकलं. कुंदननं दोन्ही वेळा मान हलवली. झिपरूनं मान हलवली नाही.

"आणि आईनं," मॅडम म्हणाल्या, "दर रविवारी सोबत यायचं. बांधावर बसायचं. कशाला हात लावायचा नाही आणि त्याच्या वतीनं बोलायचं नाही."

"मग मी तिथं करू काय?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

नवसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. लहानू म्हणाला, "तू बघ." आयुष्यात पहिल्यांदाच हे उत्तर बरोबर होतं.

पहिल्या रविवारी निम्मा मळा काही ना काही निमित्त काढून तात्याच्या बांधावरून गेला. कुणाला कोथिंबीर हवी होती, कुणाची म्हैस सुटली होती. म्हैस नसलेल्यांचीसुद्धा सुटली होती. सगळ्यांना नवसाबाई बसलेली पाहायची होती. शेजारची सखुबाई तर सुनेला घेऊन आली. "बघून घे बाई," ती सुनेला म्हणाली, "सिंहस्थ बारा वर्सांनी येतो, हे तेवढं बी येनार नाय."

तात्याचा राग एव्हाना निम्मा उतरला होता आणि गंमत दुप्पट चढली होती. "वहिनी, हात शिवशिवत्यात का? बांधून देऊ सुतळीनं?"

"तात्या, तुमचं तोंड बांधून द्या आधी."

पोराचे हाल मात्र बघवत नव्हते. झिपरू त्याला एकदाच दाखवायचा: दांडा कुठं कापायचा, पानं कुठवर काढायची, जुडीत कळ्या कशा लावायच्या. मग स्वतःच्या ओळीला लागायचा. कुंदनच्या जुड्या सुटायच्या. काटे रुतायचे. नवसाबाई हाताची घडी घालायची, सोडायची, पदराचं टोक पिळायची. एका रविवारी तिनं बांधावरचं गवत उपटायला घेतलं. दोन वाव लांबीचा बांध साफ झाल्यावर झिपरू हळूच म्हणाला, "बाई, हात." ती चिमुकल्या पोरीसारखी हात मांडीवर ठेवून बसली.

पाचव्या रविवारी मात्र घात झाला. नाताळ जवळ आला होता, गुलाबाला मागणी आली होती. तात्याला दुपारच्या आत माल हवा होता आणि कुंदनच्या पुढ्यात फुलांचा ढीग तसाच. झिपरू पाट्या आणायला घराकडं गेला. नवसाबाईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि बांधावरून घसरली म्हणावी तशी खाली आली.

"आई, नको."

"गप. तू नुसता उभा राह्य."

पाऊण तासाचं काम बाईनं दहा मिनिटांत केलं. जुड्या रांगेत ठेवल्या, परत बांधावर गेली आणि महिनाभर तिथंच बसल्यासारखी बसली. चेहऱ्यावर कसला आनंद! चार रविवारांची भूक भागली होती.

झिपरू आला. पाटी ठेवली. एक जुडी उचलली, अंगठा गाठीवरून फिरवला. दुसरी उचलली. मग काही न बोलता जुड्या वेगळ्या करत गेला. सहा एका बाजूला, बावीस दुसऱ्या बाजूला. सहांच्या गाठी उजव्या अंगाला होत्या, बावीसांच्या डाव्या. ज्या गाठीनं वीस वर्षं तिचं नाव बाजारभर केलं होतं, तीच तिच्याकडं बघत होती.

संध्याकाळी झिपरूनं कागद घेतला आणि सही न करता परत दिला.

"ए झिपरू, सही कर की," नवसाबाई म्हणाली.

"पोराचं काम नाय हे."

"एवढंसं तर केलं मी! फेब्रुवारीत बारा भरले नाय तर पोराला नेतील माझ्या!"

"माला बी नेला होता, बाई," झिपरू म्हणाला. आवाज चढवला नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागला.

बाईच्या तोंडून उत्तर आलं नाही, ही त्या मळ्यातली त्या वर्षाची सगळ्यात मोठी बातमी. तात्यानं ती रात्रीपर्यंत तीन वस्त्यांवर पोचवली.

सहाव्या रविवारी कुंदन आईच्या आधी उठला. वावरात पोचल्यावर मागे वळून म्हणाला, "आई, तू बस. उतरली तर मी घरी जाईन." आणि दिवसभर वाकून राहिला. त्याच्या जुड्या अजूनही मोळीसारख्या दिसत, पण सुटत नव्हत्या.

दुपारी सगळे आंब्याखाली जेवायला बसले. कुंदन हात धुवायला विहिरीवर गेला होता. नवसाबाईनं भाकरी मोडली, झिपरूच्या पुढ्यात मिरचीचा ठेचा सरकवला, आणि ठेच्याकडंच बघत म्हणाली, "झिपरूभाऊ, त्या दिशी विजारीच्या खिशात पाकळ्या सापडल्या होत्या मला. तुला नेलं तवा मला ठाऊक होतं."

झिपरूनं घास चावून संपवला. "माला बी ठावं होतं."

"आँ?"

"शिपायानं माला तुमच्याच दारावरनं नेला. तुम्ही विजार वाळत घालत होता. घट बसायच्या आधीच तुमचं सगळं धुणं झालं होतं. दोरीवर एकलीच विजार."

"मग बोलला का नाय चौकीत?"

झिपरू हसला. "कोन ऐकणार होता? गडी म्हनतो, मालकाच्या शेजाऱ्याच्या पोरानं केलं. आजून दोन दिस बसवला असता." मग ठेच्याला बोट लावून म्हणाला, "लय तिखट करता बाई तुम्ही."

"पुढच्या रविवारी कमी करते," नवसाबाई म्हणाली, आणि डोळे पुसले. ठेचा तिखटच होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरचे रविवार ती खरोखर बसली. बसल्यावर तिला पहिल्यांदाच पोरगं दिसलं. ते ओठ आवळून काम करतं, काटा रुतला की लहानूसारखं नाकातून हसतं, आणि झिपरूला 'मामा' म्हणायला लागलंय, हे सगळं तिला बांधावरून कळलं.

फेब्रुवारीत मंडळापुढं उभं राहायचा दिवस आला. टेबलापलीकडं न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य, अलीकडं कुंदन. मागच्या बाकावर नवसाबाई, सुट्टी काढून आलेला लहानू, तात्या आणि झिपरू. प्रतिभा मॅडम कडेला. त्यांनी नवसाबाईकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेचा अर्थ बाईला समजला आणि तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला.

"नाव काय तुझं?"

कुंदननं सवयीनं मागे पाहिलं. आईच्या तोंडात पदर. ती छताच्या पंख्याकडं बघत होती. पंखा बंद होता.

"कुंदन," पोरगं म्हणालं. मग स्वतःच्याच आवाजानं धीर आल्यासारखं, "कुंदन लहानू. धावीत आहे."

न्यायाधीश बाईंनी कागद वर धरला. "अकरा सह्या आहेत. पाचवी जागा रिकामी का?"

आता नवसाबाईच्या कपाळाला घाम फुटला. ताप आला होता म्हणावं. गावाला गेलो होतो म्हणावं. आत्याची सासू वारली म्हणावं. सतरा उत्तरं तिच्या दातांमागं रांगेत उभी होती आणि पदर त्यांना अडवून होता. लहानूनं तिचा हात धरला. वीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. तेवढ्यानंसुद्धा ती दचकून बोलली नाही, यावरून काय ते समजा.

"त्या दिवशी काम मी केलं नव्हतं," कुंदन म्हणाला. "आईनं केलं. मी तिला करू दिलं. मामांनी गाठीवरून ओळखलं."

"मामा कोण?"

पोरानं मागे वळून झिपरूकडं हात केला. "हे. गाडी मी घेतली होती, आणि यांना चौकीत बसवलं. मला माहीत होतं. मी घरी कॉटवर पडून होतो, दसऱ्याचं जेवत होतो." न्यायाधीशांना विसरून ते पोरगं सरळ झिपरूपाशी गेलं. "मामा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

झिपरूला अशा खोलीत काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं. तो उभा राहिला, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेबलाकडं बघून म्हणाला, "बाईसायेब, एक रईवार ऱ्हायला. त्यो मी घेतो करून. पोरगा येतो."

"येशील का रे?"

"येईन."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि मागच्या बाकाकडं पाहिलं. "आईंना काही सांगायचंय?"

नवसाबाईनं तोंडातला पदर काढला. सगळ्यांनी श्वास धरला. तात्यानं तर टेकायला भिंत शोधली.

"त्यानं सांगितलं की," ती म्हणाली. एवढंच.

त्या राहिलेल्या रविवारी तिला जायची सक्ती नव्हती. तरी गेली, बांधावर बसली. त्या दिवशी कुंदननं एकोणतीस जुड्या बांधल्या आणि त्यातली एकही सुटली नाही. झिपरूनं जुडीवर अंगठा फिरवला, कागद मागून घेतला आणि पाचव्या रिकाम्या जागी, तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, आपलं नाव लिहिलं. लिहायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

पुढं कुंदननं टेम्पो घेतला आणि इगतपुरीपर्यंत फुलं पोचवू लागला. पावसाळ्याआधी झिपरूला त्याच्या गावी सोडायला तोच जातो. झिपरू गाडीत बसला की आधी विचारतो, "किल्ली कोनाची?" आणि दोघं हसतात.

प्रतिभा मॅडमना मात्र नवसाबाईचा चांगला उपयोग सापडला. २००८ च्या सुमारास त्यांनी तिला दर महिन्याला बोलवायला सुरुवात केली, ज्यांच्या मुलांची प्रकरणं चालू आहेत अशा आयांसोबत बसायला. तिचं काम एकच: बाईला पोराच्या वतीनं बोलू द्यायचं नाही. समोरून प्रश्न आला आणि शेजारच्या आईनं तोंड उघडलं की नवसाबाईचा डावा हात हळूच तिच्या मांडीवर पडतो. त्या हाताला एवढं वजन आहे की चांगल्या बोलक्या बायकांचा शब्द घशातच बसतो.

मुलं बोलून बाहेर गेली की नवसाबाई त्या आयांना व्हरांड्यात घेऊन बसते आणि गप्प बसणं किती महत्त्वाचं असतं ते समजावून सांगते. दीड-दोन तास सांगते. उठाबशांपासून सुरू करते. मधे कुणाला एक शब्द बोलू देत नाही.